शेठचा वाळलेला धान माह्या मुठीत येताच ओला झाला

भाऊ लोकं, आज माह्या मस्करीचा फटका माह्याच बाबाले बसला.

सकाळी बाबासंग केशोरीले धान विकाले गेलो. तिथं सरकारी खरेदी केंद्रावर मूठभर धान मशीनमधे टाकून ओलावा पाहतात. आमी आठ दिवस उन्हात वाळवला होता, तरी धान तपासणारा ग्रेडर म्हणे, "ओला आहे, परत न्या." मागून आलेल्या शेठचा मात्र लगेच पास.

मले राहवलं नाही. शेठच्या पास झालेल्या पोत्यातून मूठभर धान काढला आन् आमचा म्हणून दिला. ग्रेडरनं मशीनकडं पाहिलंच नाही, माह्या तोंडाकडं पाहिलं. "सांगितलं ना, ओला आहे!"

"साहेब, हा तर शेठचा हाये. आत्ताच पास केला तुमी."

सारे खदखदून हासले. ग्रेडर सोडून. "तुमचा नंबर आता सर्वात शेवटी."

बाबा म्हणे, "कायले बोललास बाबू? तू खरा निघाला, पण धान तर इथंच हाये."

आता केंद्राच्या अंगणात वाळलेला धान पुन्हा वाळवून राहिलो. मोबाईलवर रोज आयकतो, कानून सगळ्यांले सारखा. आज त्याच्यावर हासूबी येत नाही.

खरं सांगा, मी चूप बसाले पायजे होतं काय?