मामांनी फटफटीवर मांड ठोकली

कोल्हापुरात फटफटीला लगाम शोधणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. उचगावच्या या मामांनी उभ्या जन्मात घोडीशिवाय दुसरं वाहन मानलं नाही. मंगळवार पेठेत आमच्याकडे आले की चांदणीला दारातल्या खांबाला बांधत, आणि आईनं त्यांच्या चहाआधी तिच्यापुढं गूळ ठेवला नाही तर बहिणीवर रुसून बसत. कुणी गाडीवरून सोडतो म्हणालं की म्हणत, "पोत्यासारखं दुसऱ्याच्या पाठीला लागून कोण जाणार? त्यापेक्षा चालत जातो की."

अडुसष्टाव्या वर्षी मात्र पंचाईत झाली. चांदणीचे मागचे पाय अधू झाले आणि गुरांच्या डॉक्टरांनी तिच्यावर बसायला बंदी केली. शेत गावापासून लांब, आणि मामांचे गुडघेही तिच्याइतकेच कामातून गेलेले. मुलगा म्हणाला, "आबा, बिनकामाची घोडी पोसायची आन् तुमाला रोज शेतावर सोडायचं, दोन्ही जमायचं न्हाय. वरातवाला मागतोय, देऊन टाकू." त्या पायांनी चांदणी बँडपुढं नाचणार, या विचारानं मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "भाच्या, फटफटी शिकव. मी माझा जातो शेतावर. तिनं आता बसून खावं."

त्यानंतर आठवडाभर मी जे भोगलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मामा आधी टाकी थोपटत, मग डावीकडून चढत आणि गुडघ्यांनी गाडी आवळून जिभेनं टक्-टक् करत. तिथवर ठीक होतं, पण थांबायचं म्हटलं की चाळीस वर्षांचा हात लगाम ओढी. दोन्ही मुठी छातीकडं ओढल्या की उजवी मूठ पिळली जायची आणि गाडी जास्तच उधळायची. मी "ब्रेक, मामा, ब्रेक" करत मागं धावतोय आणि मामा "हो बाई, हो" म्हणत सरळ उसात. पानं झटकत बाहेर आले आणि मलाच म्हणाले, "तोंडाची लई कडक हाय रं, लगाम मानत न्हाय."

पण शिकले. चांदणी घरीच राहिली. एक खोड तेवढी उरली. गावात शिरताना चिंचेच्या कोपऱ्यावर गाडी बंद करायची आणि तिथून घरापर्यंत ढकलत न्यायची. विचारलं तर म्हणत, "पळवून आणलेलं जनावर लगेच बांधत न्हाईत. चालवून गार करावं लागतंय." मी पोटभर हसलो होतो. एकदा मात्र मी आधीच अंगणात बसलो होतो. पावलं वाजली तसे चांदणीनं कान टवकारले. मामा घामाघूम होऊन आले, गाडी भिंतीआड लावली, किल्ली खिशात टाकली आणि मग तिच्याकडं गेले. मला हळूच म्हणाले, "आपल्या जागी दुसरं कायतरी आलंय, हे तिला कशाला कळाय पायजे?" मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

गेल्या वर्षी चांदणी गेली. मामा अजून कोपऱ्यावरच उतरतात. आणि परवा मी उचगावला गेलो, तर चिंचेपाशी येताच माझाही हात किल्लीकडं गेला. गाडी बंद केली आणि ढकलत निघालो.