पान सापडेपर्यंत

जगातली प्रत्येक गोष्ट चुकीच्या क्रमाने लावून ठेवलेली आहे, हे आईच्या पोटातूनच शिकून आलेली माणसं आजवर दोनच झाली. पहिला कोण ते मला ठाऊक नाही. दुसरे आमचे मोठे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोंदियाजवळच्या गोरेगावपासून दोन कोसांवर त्यांचं गाव आणि धानाची शेती. पण दिवाळी ते होळी ती शेती वाऱ्यावर सोडून साडभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत आर्गन वाजवायचे. तीस वर्षं वाजवला. भाता हाणून हाणून त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं लांब झाला आहे असं मी लोकांना सांगतो, आणि अजून तरी कोणी मोजून पाहिलेला नाही.

लग्नाची पत्रिका हातात आली की साडभाऊ आधी कात्री मागत. वरचे देव खाली, खालची पंगत वर, आणि मग वाचायला घेत. म्हणायचे, "मानसाले जे पहिले लागते, ते पहिले पायजे." स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी तशीच छापली. अगदी वरच्या ओळीत: जेवण साडेअकरापासून, समाजमंदिराच्या मागच्या मांडवात. नवरदेवाचं नाव नवव्या ओळीत. व्याही दोन दिवस फुगून बसले होते. पण त्या लग्नात एकही माणूस जेवणाचा मांडव विचारत फिरला नाही, आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर व्याहीच होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गोरेगावच्या बसथांब्यावर जाऊन त्यांनी तिथल्या साहेबांशी वाद घातला की फळ्यावर शेवटची गाडी सगळ्यात वर लिहा. "मानूस शेवटच्या गाडीले भेते जी. पहिलीले कोन भेते?" साहेबांनी चहा पाजला. आमच्या घरी मुक्कामाला आले तेव्हा माझी बायको देवळात गेलेली पाहून त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे कढईत पडायच्या क्रमाने लावून टाकले. तेल, मोहरी, जिरं, तिथपासून थेट कोथिंबिरीच्या भांड्यापर्यंत. चार दिवस बायकोला मीठ सापडलं नाही आणि चार दिवस ती भाऊजींच्या नावाने खडे फोडत होती. पाचव्या दिवसापासून तिला दुसऱ्या कोणाच्याच घरी स्वयंपाक करता येत नाही.

या सगळ्या उपद्व्यापांवर एकच माणूस हसायचं, ते म्हणजे साडभाऊंची बायको. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. गावातल्या रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायच्या कामात बाई पुढची. गाणं ती उचलायची, बाकीच्या वीस जणी मागून झेलायच्या. तिचा आवाज धानाच्या बांधीतून निघाला की बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानांचे वैमानिक एक चक्कर जास्त मारतात अशी माझी पक्की माहिती आहे. तिच्या गाण्याला एक तऱ्हा होती. ओळीचा शेवटचा सूर किती लांबवायचा ते ताल ठरवत नसे, चिखल ठरवत असे. सगळ्यात मागे राहिलेली धुऱ्यापर्यंत, म्हणजे समोरच्या बांधापर्यंत, पोचेपर्यंत सूर सोडायचा नाही. ती पोचली की पुढची ओळ. त्यामुळे एकच ओळ सोमवारी आखूड आणि मंगळवारी पार नदीपल्याड. साडभाऊंनी आयुष्यात फक्त हीच एक गोष्ट हलवायचा कधी प्रयत्न केला नाही.

मग बाईला दम्याने धरलं. डॉक्टरांनी चिखलात जायचं नाही म्हणून सांगितलं, आणि साडभाऊंच्या डोक्यात आलं की हिची गाणी लिहून ठेवायची. आपल्या मनासारखी नव्हे. स्वर, मात्रा, श्वास सगळं जिथल्या तिथे. मुलगी नागपूरहून आली होती. तिने लॅपटॉप आणला आणि त्यात स्वरलिपी लिहायचं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं. फुकटचं. जगभरातले हौशी लोक मिळून ते बनवतात आणि त्यात कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. पाच रेघांच्या तारेवर चिमण्या बसल्यासारखे ते स्वर. साडभाऊ पंधरा दिवसांत शिकले. पण पहिल्याच ओळीला गाडी अडली. सॉफ्टवेअरचा हट्ट असा की प्रत्येक घरात चार मात्रा म्हणजे चारच. पाचवी घातली की ती उडी मारून शेजारच्या घरात. बाईचा तो लांबणारा सूर काही केल्या बसेना. ताल न मोजता लिहायची सोय असणार, नक्की असणार, पण कुठे? सोबत आठशे पानांची वापरपुस्तिका होती, इंग्रजीत. मी इंग्रजीचा मास्तर असल्याने दर रविवारी गोंदियाहून मोटारसायकल हाणत जायचो. पहिली सव्वाशे पानं रंग कसे बदलावेत यावर होती.

ते दृश्य मला अजून दिसतं. घरापुढच्या सपरीत खाटेवर बाई, खाली चटईवर आम्ही दोघं, मध्ये लॅपटॉप.

"झालं का जी? म्हनू का?" बाई विचारायची.

"थांब. पान सापडू दे."

"पान सापडेपर्यंत मी राहीन का?"

"कायले असं बोलून राहिली? विसाव्या प्रकरनावर आलो आता."

"तुमी विसाव्यावर या, मी कांदे निसून घेतो," असं म्हणून ती खरोखरच कांदे घेऊन बसायची.

मी म्हटलं, साडभाऊ, सध्या फोनमध्ये भरून घ्या. तेही करून पाहिलं. पण फोन समोर धरला की बाईला हसू फुटायचं. "याच्यात का आहे पाह्याले, माहे दात?" त्या फोनमध्ये चार सेकंद गाणं आहे आणि दोन मिनिटं हसणं. परत कधीतरी भरू म्हणून ते तसंच राहिलं.

पान सापडलं. बाईच्या तेरवीनंतरच्या रविवारी. बेचाळिसावं प्रकरण, त्याच्यापुढची पुरवणी, त्यात "इतर" नावाचा एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यात सहा ओळी. घरांच्या भिंती काढून टाका, मात्रा मोजणं बंद करा, सूर हवा तितका लांबवा. सगळं मिळून तीन टिचक्या. साडभाऊंनी त्या तीन टिचक्या मारल्या. भिंती गेल्या. पाच रेघा रिकाम्या बांधीसारख्या पसरल्या. सांगणारी आता नव्हती. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि मला म्हणाले, "साडभाऊ, हे पुस्तक नव्यानं लावा लागते."

मला वाटलं हा शोकाचा झटका आहे, महिन्याभरात उतरेल. उतरला नाही. गोंदियाच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी आठशेच्या आठशे पानं छापून आणली. झेरॉक्सवाला विचारत होता, "चाचा, कोर्ट का मामला है क्या?" साडभाऊ म्हणाले, "उससे बडा." मग चुरणं, म्हणजे धानाची मळणी, झालेल्या मोकळ्या खळ्यावर त्यांनी ती पानं मांडली, प्रत्येकावर एक गोटा. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कोणी कागदाचा रोवणा लावला आहे. आणि लावला होताच, कारण साडभाऊंनी आठशे पानांचे भाग पाडले ते शेतीच्या क्रमाने. आधी नांगरणी, म्हणजे नवी फाईल उघडणं. मग रोपांसाठी पऱ्हे टाकणं, म्हणजे पहिले स्वर. मग रोवणा, निंदण, कापणी. आणि चुरणं म्हणजे छपाई. सॉफ्टवेअर बसवायचं प्रकरण एका शेळीने खाल्लं. कोणालाच त्याची उणीव भासली नाही.

तिथे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडत. "तुले गानं लिहाचं आहे समज. पहिले काय लागन?" भजनातला पेटीवाला म्हणाला, चष्मा. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला आला, तो गोंदियाचा. तो म्हणाला, "काका, पहले ये बताओ कि गलती मिटाना कैसे. मेरा तो वहीं से शुरू होगा." साडभाऊंना हे इतकं पटलं की चूक पुसायचं पान तीनशे सातव्या जागेवरून उचलून दुसऱ्यावर आलं.

एका सकाळी गावातली एक म्हातारी आली. बाईच्या टोळीत होती ती, सगळ्यात मागे राहणारी. पानांमधून वाकून वाकून चालत विचारू लागली, "का वाळवून राहिले गा?" साडभाऊंनी तिला "इतर"मधलं पान दाखवलं. म्हणाले, "तू हळू लावत होती नं आजी, म्हनून हिले सूर धरून ठेवा लागे. ते कसं लिहाचं, ते याच्यात आहे."

म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हळू? मी? माहेरी माह्यासारखी भरभर लावनारी नव्हती कोनी."

"मंग मागं काऊन राहत होती?"

"मी पोचलो का बाई सूर सोडे. म्हनून नाही पोचत होतो."

एवढं सांगून ती आपल्या वाटेने गेली.  ते पान घेऊन साडभाऊ खळ्याच्या पार टोकाला गेले, पहिल्या जागेवरचं पान उचलून बाजूला ठेवलं, हातातलं तिथे ठेवलं, आणि वर गोटा. नवी फाईल उघडणंसुद्धा त्याच्यानंतर.

मग सुरू झाली माझी परीक्षा. हे सगळं इंग्रजीत लिहून पाठवायचं होतं. ती पुस्तिका सांभाळणारा एक गृहस्थ होता, कुठल्याशा थंड देशातला. फुकट काम करणारा, सज्जन, पण मुनिमासारखा काटेकोर. त्याने कळवलं की प्रस्ताव वाचला, आवडला, पण पिकाचा संदर्भ कळला नाही. साडभाऊंनी गुडघाभर चिखलात उभे असतानाचा स्वतःचा फोटो पाठवला. त्याने आभार मानले आणि म्हणाला, आमची प्रकरणं पडद्यावर बटणं ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने आहेत. यावर साडभाऊ खवळले. "लिहा त्याले. किराना दुकानात गेल्यावर तू 'तिसऱ्या फळीवरचा दुसरा डबा दे' म्हन्ते का रे? साखर दे म्हन्ते." मी "म्हन्ते का रे"चं "आपण म्हणता का" केलं आणि पाठवलं.  आठ दिवसांनी उत्तर आलं: साखरेचा मुद्दा मान्य.

तरी सव्वा वर्ष गेलं. शेतीची नावं सोडावी लागली. साडभाऊंनी ती हसत सोडली. चुरणं गेलं, छपाई आली. चर्चेत निरनिराळ्या देशांतले सात-आठ लोक पडले. त्यांनी भाग जोडले, तोडले, पुन्हा जोडले. साडभाऊ सगळ्याला हो म्हणत गेले. एका गोष्टीला नाही. ते पहिलं पान. "थोड्या लोकांना लागणारी गोष्ट सुरुवातीला कशाला?" असं एकाने विचारलं. मी अनुवाद करून सांगितलं आणि उत्तराची वाट पाहत पेन धरून बसलो. साडभाऊ छपराकडे पाहत म्हणाले, "ज्याले रंग बदलाचे आहेत त्याले उद्या सापडलं तरी चालते, असं लिहा." मी एक शब्द न बदलता लिहिलं. ते पान पहिलंच राहिलं.

पहिल्या पानावर नमुना म्हणून एक गाणं हवं होतं. साडभाऊंनी बाईच्या गाण्याच्या तीन ओळी दिल्या. चौथी नाही. चौथ्या ओळीत बाई सुराच्या आधी श्वास घ्यायची की नंतर, हे त्यांना नक्की आठवत नव्हतं. मी म्हटलं, द्या ठोकून, तिकडे थंड देशात कोण तपासायला बसलंय? ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी चपला शोधू लागलो. गाणं कोणाचं, असं तिकडून विचारलं तेव्हा त्यांनी "बाई" एवढंच लिहायला लावलं. नवी पुस्तिका निघाली. आता जगात कुठेही कोणी ती उघडली की आधी तीन ओळींची आमची बाई भेटते.

परवा तिकडच्या त्या गृहस्थाने एक पत्र पुढे पाठवलं. कुठल्या तरी बेटावरच्या मुलीचं. तिचा बाप होडी वल्हवताना एक गाणं म्हणतो, त्याला ताल नाही. तिने पुस्तिका उघडली, पहिल्याच पानावर हवं ते मिळालं, आणि त्याच दुपारी बापाला शेजारी बसवून तिने गाणं लिहून काढलं. बाप थकला आहे, पण त्याने दोनदा तिची चूक काढली, असंही लिहिलं होतं. सोबत छापलेल्या कागदाचा फोटो होता. मी वाचून दाखवलं. साडभाऊंनी आर्गनवर ते गाणं वाजवलं, एकदा सावकाश, एकदा नीट. मग बाजूला सरकून बसले.

"दोनदा चूक काढली म्हन्ते?"

"हो. दोनदा."

"उत्तर लिहून राहिले का?"

"सांगा."

मला वाटलं आता दोन पानं सांगतील. त्यांनी एकच ओळ सांगितली. "बापाले येते तेवढे सगळे गाने विचारून घे म्हना. आजच."

मी लिहून पाठवलं. वर पाहिलं तर साडभाऊ लॅपटॉप मांडीवर ओढून त्या फोटोवर वाकले होते. छापलेल्या स्वरांच्या मध्ये, बापाने चूक काढली त्या दोन ठिकाणी, पेन्सिलची खूण होती. ते तेवढाच तुकडा मोठा करत होते, आणखी मोठा, पडदाभर. आणि एका खुणेवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर जात होते.