गोदामाची किल्ली

नव्वद सालानंतरची गोष्ट. बनारसमध्ये मी साड्यांच्या एका दुकानात कामाला होतो. दक्षिणेकडून काशीला आलेली आपली मंडळी मणिकर्णिकेवरचे विधी आटोपले की साडी घ्यायला येत. त्यांच्याशी मराठीत बोलायला म्हातारे मालक मला आपल्या शेजारी गादीवर बसवत. सगळे त्यांना बाबूजी म्हणत.

बाबूजींनी अंथरूण धरलं आणि दुकान त्यांच्या मुलाकडे आलं. त्यानं मला गादीवरून उठवून आतल्या खोलीत घड्या घालायला बसवलं. तेव्हा वाटलं, नवा मालक, नवी पद्धत. एकदा पुण्याच्या एक ओळखीच्या बाई माझी चौकशी करत आल्या. "वो तो छुट्टी पर हैं," त्यानं सांगितलं. मी पडद्याआड बसून ऐकत होतो. उठून बाहेर जाण्याची हिंमत झाली नाही. बाईंची चप्पल पायऱ्या उतरून गेली.

मग एका दुपारी तो हसत आला आणि माझ्या हातावर किल्ली ठेवली. "पंडितजी, आज से गोदाम आपका. आपसे ज्यादा भरोसा किस पर करें?"

मी खूश होऊन घरी सांगितलं. बायको कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"दुसरी किल्ली कुणाकडे?"

"त्याच्याकडेच."

"माल मोजून दिला का तुम्हाला?"

"नाही."

"अहो, मग उद्या चार साड्या कमी निघाल्या तर?"

आदल्या वर्षी दुकानाचे मुनीमजी असाच आळ येऊन गेले होते. त्यांनी हात मारला, एवढंच लोक बोलत. पुढे त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. माझे वडील दुर्गाघाटाकडच्या घरांत पूजा सांगायला जात. मुलगा चोर ठरला, तर त्यांना कोण बोलावणार?

तरी लगेच काही करवलं नाही. रोज गोदाम उघडत राहिलो. कुणी "पंडितजी" अशी हाक मारली की वाटायचं, आला तो क्षण. जेवण जाईना. शेवटी बायको म्हणाली, "किल्ली परत करा. पण चारचौघांत."

दुकानात विणकर माल घेऊन बसले होते तेव्हा मी किल्ली गादीवर ठेवली. "भैयाजी, पहले माल गिनवा दीजिए, तब रखूँगा."

त्यानं विणकरांकडे बघितलं. "हम पर शक है आपको?"

"नहीं. कल आपको मुझ पर न हो, इसलिए."

त्याचं हसू गेलं. "तो फिर अपना कहीं और देख लीजिए."

मी चपला घातल्या आणि निघालो. वाटेत बाबूजींना भेटायला गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, पण मुलाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही.

पुढे कित्येक दिवस दाराची कडी वाजली की बायको आधी माझ्याकडे बघायची. पोलीस आले नाहीत, चोरीचा बोभाटाही झाला नाही. त्या विणकरांपैकीच एकानं थंडीच्या सुमारास मला दुसऱ्या दुकानात लावून दिलं. तिथल्या मालकानं पहिल्याच दिवशी माझ्या कामाची तारीफ केली, आणि मला दरदरून घाम फुटला.