उंदरासारखं गप्प

विठ्ठलवाडीतल्या एक बाई पाचवीच्या मुलांना इंग्रजीतल्या उपमा शिकवतात. सिंहासारखं शूर, उंदरासारखं गप्प. टेबलावर पट्टी आपटत गाइडमधलंच घोकून घेतात. या घोकंपट्टीविरुद्ध मी पत्रकं वाटतो, त्यामुळे आमचं नेहमी वाजतं.

परवा मी पत्रकं घेऊन त्यांच्या वर्गात गेलो होतो, तेव्हा एका मुलीने स्वतःची उपमा लिहिली: बाबा घरी आले की आई होते तसं गप्प. बाईंनी ती लाल पेनने खोडली. "मार्क उंदरालाच मिळतात, बाळा."

मी भडकलो. "अहो मॅडम, पोरीने पहिल्यांदा स्वतःचं लिहिलंय!"

"ओरडू नकोस रे. मलाही वाचता येतं."

त्यांनी चपला घातल्या, मुलीचा हात धरला. "चल, तुझ्या आईला भेटून येऊ. तू बस रे मुलांजवळ."

पाऊण तास झाला तरी त्या परतल्या नव्हत्या. मी सारखा दाराशी जात होतो.