दुसऱ्या खेपेच्या सुया

पहिल्या बायोप्सीत काही निघालं नाही तेव्हा हिनं मारुतीला नारळ फोडला होता. मीही सोसायटीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. त्यानंतर पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात ती रक्ताची तपासणी, दर खेपेला थोडी थोडी चढत गेली. डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. तो संपवून पुन्हा रक्त दिलं, तर आकडा आणखी वर.

"काका, पुन्हा बायोप्सी करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. वयानं माझ्या मुलाएवढे.

"अहो, पण मागच्या वेळी काही नव्हतं ना?"

"नव्हतं असं नाही. सापडलं नव्हतं."

हे वाक्य त्यांनी मागच्या वेळीच सांगितलं असतं तर नारळ तरी वाचला असता.

एमआरआयमध्ये ग्रंथीच्या पुढच्या बाजूला एक डाग दिसला होता. मागच्या सुया गुदद्वारातून गेल्या होत्या, त्या तिथवर पोचल्याच नसाव्यात. आता वेगळ्या वाटेनं, कमरेखालचा भाग बधिर करून घ्यायच्या. मला ती पहिली खेप आठवली. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि पाठीमागं स्टेपलर मारल्यासारखा आवाज येत होता. घरी आल्यावर थंडी वाजून असा ताप भरला की पुन्हा दाखल व्हावं लागलं. एवढं करून ते सापडलं नव्हतं!

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत राहणाऱ्या माणसाला आजार लपवता येत नाही. सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये एकानं भोपळ्याच्या बिया सांगितल्या, दुसऱ्यानं गोमूत्र. तिसरा म्हणाला, "अहो, या वयात सगळ्यांनाच असतं, तपासूच नये." मी चालायला दुसरा रस्ता धरला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होतं का? म्हणून आमच्या वडिलांचं, आबांचं, विचारायला दादाला फोन केला. माझा थोरला भाऊ चाकणच्या पुढं आमच्या गावातच राहतो. बरीचशी जमीन कंपन्यांत गेली, उरल्या तुकड्यात तो कांदे करतो.

"दादा, आबांना शेवटी काय झालं होतं?"

"म्हातारपण झालं हुतं."

"लघवीचं विचारतोय मी."

"तुंबायची. नळी घातली हुती. म्हाताऱ्या मानसाला व्हतंच त्ये. आन तू कशापायी सारखा सुया टोचून घेतो? दुखतंय का कुठं?"

"नाही."

"मंग?"

मीही स्वतःला तेच विचारत होतो. फोन मी जरा आपटूनच ठेवला.

बायोप्सीच्या दिवशी, न सांगता, दादा मोटरसायकलवरून हॉस्पिटलात हजर. हातात पिठलं-भाकरीचा डबा.

"मला उपाशी ठेवलंय, दादा."

"मंग घरची मानसं खातील."

झगा घालून मला बाहेरच स्ट्रेचरवर ठेवलं होतं, नंबर लागायला वेळ होता. तेवढ्यात दादा उठला, संडासात जाऊन आला. जरा वेळानं पुन्हा उठला. मग पुन्हा.

"किती वेळा जातोस रे?"

"वाटंत च्या जास्त झाला."

"आणि रात्री?"

"रातीची नीज येत न्हाई, म्हनून उटतो."

शेजारी बसलेली ही म्हणाली, "जाऊबाई सांगत होत्या, खाटेजवळ बादली ठेवलीय म्हणून. दोन वर्षं झाली."

"तिला काय समजतंय!" दादा असा ओरडला की समोरची सगळी रांग आमच्याकडं बघायला लागली.

नेमकं तेव्हाच मला आत न्यायला आले. पाठीकडून उघडा असलेला तो झगा घालून मी स्ट्रेचरवर पडलो होतो, पण डोकं असं तापलं की उठूनच बसलो. मला फोनवर शहाणपणा शिकवत होता आणि स्वतः बादली घेऊन झोपत होता!

"मी बाहेर यायच्या आत यानं पीएसएसाठी रक्त दिलेलं पाहिजे," मी हिला सांगितलं, "नाहीतर मी आत्ता इथून खाली उतरतो."

"काका, पडा, पडा," सिस्टर म्हणत राहिली.

बाहेर आलो तेव्हा पाय माझे वाटत नव्हते. लघवीला रक्त येत होतं, ते येणारच होतं म्हणे. दादा शेजारी बसला होता. कोपराच्या आत कापसाचा बोळा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

दादाचं रक्त ठीक निघालं. नंतर त्यालाही तपासलं, तर ग्रंथी नुसतीच वाढलेली. रोजची एक गोळी, संपलं. जन्मात डॉक्टरची पायरी न चढलेला माणूस सुटला आणि सगळ्या तपासण्या वेळेवर करणाऱ्या माझ्या रिपोर्टात कॅन्सर निघाला.

"छोटा आहे, संथ जातीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ता काहीच करायचं नाही. लक्ष ठेवायचं."

"म्हणजे कॅन्सर आहे आणि काही करायचं नाही?"

"रक्त तपासत राहायचं. अधूनमधून एमआरआय. आणि साधारण वर्षभरानं पुन्हा एक बायोप्सी."

मी हिच्याकडं बघितलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, तोंडानं मात्र ती डॉक्टरांना पथ्याचं विचारत होती.

खाली येऊन गाडीत बसलो, पण गाडी चालू करावीशी वाटेना. भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपेक्षा संताप जास्त होता, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं. एवढ्यात दादाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. पलीकडं कंपनीच्या ट्रकांचा आवाज येत होता.

"फुडल्या टायमाला कवा जायाचं?" तो म्हणाला. "मी येतो संगं."

"काही गरज नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवायला गेलो.

हिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "या तुम्ही, दादा," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडं वळून, "चिडायचं तेवढं चिडा. पण गाडी चालू करा, एसी लावा. उकडून जीव चाललाय."