गळतीचे कारण

लिफ्टमिस्त्रीचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला, तो आईसाठी ब्रेड दुधात कुस्करण्यापासून. आईच्या तोंडाचे बोळके झाले होते. कवळीचे माप दिलेले होते, पण शेवटचा हप्ता या महिन्याच्या पाळीभत्त्यातून भरायचा होता.

"तक्रारी वेळेवर मिटव रे बाबा," आई म्हणाली. "नाहीतर दात येतील तोवर मी नसेन."

तो ज्या रुग्णालयात कामाला होता, तिथे पूर्वी काही बिघडले की टेलिफोनवरच्या बाई हाताशी सापडेल त्याला पिटाळायच्या. आता पाळ्यांचे वेळापत्रक तक्रारींच्या यंत्रणेला जोडले होते. ज्याची पाळी, त्याच्याच फोनवर तक्रार. तासाभरात मिटली नाही, तर महिन्याचा भत्ता गुल.

त्या सकाळी तो तपासणीला चौथ्या लिफ्टमध्ये चढला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बसली. त्याने धोक्याचे बटण दाबले. त्याच्याच खिशातला फोन वाजला: 'चौथ्या लिफ्टमध्ये एक जण अडकला आहे. ताबडतोब पोचा.'

तो पोचलेलाच होता. तसे त्याने कळवले. यंत्रणेने अभिनंदन केले. इतक्या लवकर आजवर कोणी पोचले नव्हते.

आतले दार त्याने जोर लावून सरकवले. समोर भिंत, छातीच्या वर मजल्याचे दार, आणि त्याचे कुलूप लिफ्टच्या छतापलीकडे. चावी जवळ होती, पण ती बाहेरून लावायची. त्याने साहेबांना फोन केला.

"साहेब, मी अडकलोय."

"मग पाळीवरच्या माणसाला सांग."

"पाळीवर मीच आहे."

"अजून गेला नाहीस?"

"गेलोय. आतच आहे."

"मग काढ की त्याला बाहेर! फोनवर गप्पा काय मारतोस?"

बदलीचा माणूस रजेवर होता. यंत्रणेने त्याच्या जागीही लिफ्टमिस्त्रीलाच लावले होते. म्हणजे त्याच्या मदतीलाही तोच निघाला होता.

इतक्यात मजल्याच्या दाराखालच्या फटीत ओळखीचे बूट दिसले. त्याचा मेहुणा, इथलाच प्लंबर.

"दाजी, आत काय करताय?"

"चावी सरकवतो. दार उघड."

"माझ्या नावावर तक्रार नाही ना. मागे बिनतक्रारीचा नळ दुरुस्त केला, तर माझाच भत्ता कापला."

"तुझ्या बहिणीला काय सांगशील?"

"सांगेन, दाजी नियमाने गेले."

लिफ्टमिस्त्रीने पाण्याची बाटली उघडली आणि फटीतून सगळी बाहेर ओतली. बूट मागे सरकले.

"अहो दाजी!"

"नोंदव आता. पाणी गळतंय."

मेहुणा खुदकन हसला. त्याने तक्रार नोंदवली आणि ती त्याच्याच फोनवर आली.

"आता कसं बोललात!"

"आधी वीज बंद कर, शहाण्या. मग चावी."

मेहुण्याने त्याला दोन्ही हातांनी वर ओढले आणि शेरा लिहिला: 'गळतीचे कारण: आत माणूस. काढून टाकला.' लिफ्टमिस्त्रीनेही आपली तक्रार मिटवली. तास भरायला थोडाच अवकाश होता.

खरे काम मग सुरू झाले. लिफ्टच्या यंत्राच्या वरच्या खोलीत वाकून त्याने जळका भाग काढला, नवा बसवला, लिफ्ट पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. पाठ पार मोडून गेली. त्या कामाची कोणी तक्रार केलेली नव्हती, त्यामुळे यंत्रणेच्या मते ते झालेच नाही.

भत्ता मात्र पुरता मिळाला. आईची कवळी आली. ती बसवून आईने सफरचंदाचा कचकन लचका तोडला आणि भरल्या तोंडाने सुनेला म्हणाली, "आंबट आहे गं."