जावयाचा किल्ट

"नहीं है."

मस्कतच्या रुवी बाजारातल्या त्या कापडाच्या दुकानातल्या माणसाने मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही. मी अजून "भैया, लोकर का चौकडीवाला..." एवढंच म्हटलं होतं. मागे छतापर्यंत ताके रचलेले, आणि हा म्हणतो नहीं है! मेल्या, बघ तरी.

माबेल्यातल्या घरून तासभर गाडी हाकत मी आले होते. नवरा रुसैलच्या कारखान्यात, त्याला सुट्टी नाही. शिवाय त्याला हा सगळा उद्योगच पटत नव्हता. "अगं, तिकडे तयार मिळतो, पैसे पाठव नि मोकळी हो," तो म्हणायचा. पण आमच्या घरात जावयाचा लग्नातला पोशाख मुलीच्या माहेरून जातो. आणि वीस वर्षं अख्ख्या मस्कतच्या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या मी जावयासाठी तयार कपडे घ्यायचे? छे!

जावई स्कॉटलंडचा. मुलगी तिकडे शिकायला गेली, नोकरीला लागली आणि हा तिला भेटला. त्यांच्यात नवरदेव किल्ट नेसतो. गुडघ्यापर्यंतचा, चौकडीच्या लोकरीचा, मागे दाट चुण्या. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्याने मला तसला फोटो दाखवला आणि मी खो खो हसले. "अगं बाई, तुझा नवरा घागरा घालून बोहल्यावर चढणार की काय?" त्याला मराठी कळत नाही, पण हसणं कुणालाही कळतं. त्याने फोटो बाजूला ठेवला. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज." त्यानंतर तिचे फोन आखडत गेले. लग्न मार्चमध्ये, बाकी नंतर सांगते, इतकंच.

माझी जीभ अशीच आहे, आधी बोलते. माफी मागायला मात्र ती वळत नाही. म्हणून ठरवलं, आपण हातांनी मागू. कुणाला न सांगता किल्ट शिवायचा आणि लग्नाला जाऊन त्याच्या हातात ठेवायचा. यूट्यूबवर बघून जुन्या चादरीचे दोन शिवूनही पाहिले. चुण्या अशा घालाव्या लागतात की दुमडल्यावरही चौकडी मोडलेली दिसता कामा नये. त्यासाठी एकाच ताक्याचं सलग आठ मीटर कापड हवं.

आणि तेच मिळेना. हमरियाच्या बाजारात एकाने तीन तुकडे पुढे टाकले. "सेम सेम है, मॅडम, जोड लो." दुसऱ्याने शपथेवर "प्युअर वूल" म्हणून बांधून दिलं. बाहेर येऊन मी एक धागा काडीने पेटवला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हा वितळला आणि टोकाला प्लास्टिकची गोळी जमली. परत गेले तर म्हणतो, चेंज नहीं, खलास. किल्ट कमरेला आवळायला चामड्याचे पट्टे मागितले तर तिसऱ्याने चपलांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. शेवटी फिरून फिरून मी त्या पहिल्या, मान न उचलणाऱ्याकडेच जायची. तो दर वेळी म्हणायचा, "दुबई से आएगा, इन्शाल्ला." कधी, ते मात्र सांगायचा नाही.

एकदा त्याने विचारलं, "इतना कपडा किसके लिए?" मी फोनवरचा किल्टचा फोटो दाखवला, "शादी के लिए." तो हसला. "आदमी ये पहनेगा? घाघरा?"

माझं डोकंच फिरलं. "दात काय काढतोस? जावई है मेरा!" अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मी पर्स उचलली आणि तरातरा बाहेर आले. गाडीत बसल्यावर मात्र माझं मलाच उमगलं. त्या बिचाऱ्याने फोटोला हसल्याचा मला एवढा राग आला, आणि मी तर त्या पोराच्या तोंडावर हसले होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फेब्रुवारीत त्याच दुकानातून फोन आला, नंबर मी आधीच देऊन ठेवला होता. ताका आला होता. मी हातातलं काम टाकून निघाले. त्याने न सांगता पूर्ण ताका काउंटरवर उलगडला. हिरव्या-निळ्या चौकडीची, जड, खरी लोकर. मी नुसता हात फिरवत राहिले. तो कपाटात पट्ट्यांची बक्कलं शोधायला वळला, तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा मेसेज होता, नेहमीसारखा रोमन अक्षरांतल्या तिच्या अडखळत्या मराठीत.

"आई, आमचं लग्न काल झालं. लवकर केलं, साधं रजिस्टर. कोणाला नाही बोलावलं. रागावू नको." खाली फोटो. माझी मुलगी अबोली साडीत, इतकी गोड दिसत होती. शेजारी तो, काळ्या साध्या पँटमध्ये. फोटोखाली आणखी एक ओळ होती. "त्याने किल्ट नाही घातला. म्हणाला, फोटो तुझ्या आईला जाणार."

मी ती ओळ पुन्हा वाचली. तो आपल्या लग्नात आपल्या माणसांसारखा सजला नाही, माझ्या एका हसण्यामुळे. आणि माझ्या पोरीला वाटलं, आईला न बोलावलेलंच बरं.

"मॅडम, काटूँ?" कात्री हातात घेऊन तो विचारत होता. मी होकारार्थी मान हलवली. त्याने टेपने मोजलं, पुन्हा मोजलं, मग जपून, रेघ धरून सरळ कापलं. त्या दिवसाच्या भांडणानंतर आज पहिल्यांदाच त्याला माझी चौकशी करावीशी वाटली असावी. "शादी कब है?"

"हो गई," मी म्हटलं.

"अरे वा! मुबारक हो, मॅडम!" तो तोंडभरून हसला. माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल माझं पहिलं अभिनंदन त्याने केलं.